शेडनेटमधला टोमॅटो वाढतो, पण माल लागत नाही: तपासायला सुरुवात कुठून करायची

“भाऊ, झाडं तं तारेच्या वर गेले, पन माल काहून नाई लागून राह्यला?”

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या शेडनेटवाल्यांचा हा प्रश्न दर हंगामात येतो. लागवड जुलै-ऑगस्टची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाड हिरवंगार दिसतं, पानं तळहाताहून मोठी होतात, पण तोड्याला अपेक्षेच्या निम्मे कॅरेटही भरत नाहीत. विचारणाऱ्याच्या घरी तोवर एखादी बाटली येऊन पडलेली असते. टॉनिक असतं, फुलगळीचं औषध असतं, नाहीतर बोरॉन. माझं सांगणं असतं की बाटली राहू द्या, आधी मोजायची टेप घेऊन आत जा. आजवर हे दुखणं जिथे जिथे बघितलं, त्यातल्या बहुतेक ठिकाणी मूळ एकच निघालं: जागेच्या मानानं शेंडे जास्त आणि बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातून निघणारी जादा फांदी, काढायला उशीर. दाटी झाली की बुरशी, पांढरी माशी, फुलगळ, बारीक फळ हे सगळं तिच्या मागून येतं, आणि आपण मागून आलेल्यांवरच खर्च करत बसतो.

खालची तपासणी मातीच्या बेडवर, ड्रीपवर आणि सुतळीनं तारेवर चढवलेल्या टोमॅटोसाठी आहे. आधी फुकटातलं, मग थोड्या पैशांचं, शेवटी जड काम, अशा क्रमानं लिहिलंय. क्रम मोडू नका. पहिल्या तीन तपासण्यांतच बहुतेकांचं उत्तर सापडतं.

लक्षणं

- झाड उंच, पण दोन घोसांमधलं अंतर वीतभरापेक्षा बरंच जास्त. खोड लांबट आणि कमजोर.
- खालची पानं पिवळी पडतात, वरची गर्द हिरवी.
- फूल येतं, पण देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळं होऊन गळतं.
- फळ लागलंच तर गोटीएवढंच राहतं. व्यापारी दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत टाकतो.
- कडेच्या ओळींना आणि दाराजवळच्या झाडांना चांगला माल, मधल्या बेडांना नाही.
- सकाळी नऊ-दहा वाजेपर्यंत आतल्या पानांवर दव तसंच.
- फवारणी करूनही पांढरी माशी आठवड्याभरात परत.

यातलं पाचवं लक्षण मी सगळ्यात मोलाचं मानतो. खत तेच, पाणी तेच, रोप तेच, तरी कडेचं झाड लागतं आणि मधलं लागत नाही. मग फरक उरतो तो उजेडाचा आणि वाऱ्याचा. दाटीचा याहून सोपा पुरावा दुसरा नाही.

एखादं झाड हिरवं असतानाच दुपारी अचानक मान टाकत असेल, पानांवर फिकट-गर्द चट्टे येत असतील किंवा शेंडा आखडून पानं वाटीसारखी वळत असतील, तर ही तपासणी तिथेच थांबवा आणि थेट शेवटच्या भागाकडे या. अशा झाडाला हात लावून पुढच्या झाडाला लावणं महागात पडतं.

पहिली तपासणी: जात कोणती?

बियाण्याचं पाकीट किंवा नर्सरीचं बिल काढा. जात सतत वाढणारी आहे की झुडपी, म्हणजे ठरावीक उंचीवर थांबणारी? पाकीट नसेल तर झाडच सांगतं. सतत वाढणाऱ्या जातीत साधारण दर तीन पानांनंतर एक घोस येतो आणि शेंडा पुढे चालू राहतो. झुडपी जातीत एक-दोन पानांनंतरच घोस येतात आणि शेवटी शेंड्याचाच घोस होऊन वाढ संपते.

हे आधी बघायचं कारण असं की झुडपी जातीचा माल बगलफुटींवरच लागतो. मोकळ्या शेतात लावायची जात शेडमध्ये आणली आणि पॉलिहाऊसचा व्हिडिओ बघून तिच्या सगळ्या बगलफुटी खुडल्या, असं आपल्याकडे होतं. मग चार घोस येतात आणि झाड संपतं. तुमची जात झुडपी असेल तर पहिल्या घोसाखालच्या फुटी तेवढ्या काढा, बाकी राहू द्या. खालचं अंतराचं गणितही मग तुमच्यासाठी नाही.

दुसरी तपासणी: दुपारी बारा वाजता खाली बघा

ऊन स्वच्छ असताना दोन बेडांच्या मधल्या पायवाटेवर उभे राहा. पायवाटेवर उन्हाचे कवडसे दिसतात का? बेडवर, झाडांच्या बुडाशी एक पांढरा कागद ठेवा. अधूनमधून उजेडाचे ठिपके त्यावर पडले पाहिजेत. पूर्ण सावली असेल तर खालची पानं उपाशी आहेत. त्यांच्याकडून फळाला काही मिळत नाही, उलट तिथला ओलावा ती धरून ठेवतात. करपा आणि पानांवरची बुरशी तिथूनच वर चढते.

आता मान वर करा. नेट किंवा प्लॅस्टिकवर धूळ किती बसली आहे? मुरमाच्या रस्त्याकडेला असलेल्या शेडवर दिवाळीपर्यंत मातीचा थर दिसतो. उजेड एक टक्का कमी झाला की उत्पन्नही एक टक्क्याच्या आसपास घटतं, असा हरितगृहातल्या पिकांचा ढोबळ हिशेब आहे. कडेला जमिनीवर उभं राहून पाइपनं धुता येईल तेवढं धुवा. वर चढू नका, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

शेडवर नेट किती टक्क्यांचं, म्हणजे किती ऊन अडवणारं आहे तेही याच वेळी बघून घ्या. एप्रिल-मेच्या उन्हासाठी वरून दुसरं नेट ओढलेलं असतं, ते सप्टेंबरातही तसंच राहिलेलं मी पुष्कळ ठिकाणी बघितलं आहे. ढगाळ दिवसांत दुहेरी नेटखाली टोमॅटो फक्त उंचच होणार.

तिसरी तपासणी: दहा फूट बेडवर शेंडे मोजा

या सगळ्या लिखाणाचा गाभा इथे आहे. सवडीनं करा.

बेड तीन फुटांचा, पायवाट दोन फुटांची आणि बेडवर दोन ओळी, अशी आपल्याकडची नेहमीची मांडणी धरू. पाच फुटांच्या पट्ट्यात दोन ओळी झाल्या. आता बेडच्या कुठल्याही भागात दहा फूट लांबी टेपनं मोजा, दोन्ही टोकांना सुतळीचा तुकडा बांधा आणि त्या दहा फुटांत वर जाणारे शेंडे मोजा. झाडं मोजायची नाहीत. उजेड खातो तो शेंडा. एका झाडाला दोन फांद्या ठेवल्या असतील तर ते दोन धरायचे. नजरचुकीनं राहून गेलेली आणि आता खोडाएवढी झालेली बगलफूट हाही एक शेंडाच.

दीड फुटावर लागवड आणि एका झाडाला एकच खोड असेल, तर दहा फुटांत तेरा-चौदा शेंडे निघतील. म्हणजे चौरस मीटरला जवळपास तीन. आपल्या शेडनेटसाठी मी हाच आकडा धरून चालतो. अठरापर्यंत गेलात तर दाटी सुरू झाली, पण छाटणी वेळेवर असेल तर निभावतं. पंचवीसच्या पुढे असाल तर कुठल्याही औषधानं माल येणार नाही.

एवढी दाटी होते कशी? रोप महाग, जागा थोडी, म्हणून एक फुटावर लावलं. दहा फुटांत वीस झाडं झाली. मग कोणी सांगितलं की ढोबळी मिरचीसारख्या दोन फांद्या ठेवा, माल दुप्पट येतो. झाले चाळीस शेंडे. चौदाच्या जागी चाळीस! फांद्या दोन ठेवायच्या असतील तर अंतरही दुप्पट हवं, दीडऐवजी तीन फूट. तसं केलं तर रोपं निम्मी लागतात आणि खर्च वाचतो, एवढाच दोन फांद्यांचा खरा फायदा. अंतर तेच ठेवून फांद्या वाढवल्या तर फायदा कसलाच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेंडे वाढवत गेलं की दर झाडाचा माल कमी होतो, तरी एकूण किलो काही मर्यादेपर्यंत वाढतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या शेडमध्ये एक फुटावर लावूनही वजन बरं निघालेलं दिसू शकतं. पण त्या वजनात बारीक फळ जास्त असतं, तोडणीची मजुरी वाढते आणि पावसाळी हवेत रोग आला तर आवरत नाही. भाव पडलेला असतो तेव्हा व्यापारी पहिल्या प्रतीचा माल उचलतो आणि बारीक तसाच परत येतो. म्हणून मी किलोपेक्षा प्रतीकडे बघून अंतर ठरवतो.

दहा गुंठे म्हणजे सुमारे १०,८९० चौरस फूट. वरच्या मांडणीत दीड फुटावर एका झाडाला पावणेचार चौरस फूट जागा येते. कडा, दार आणि मुख्य वाट सोडली तर अडीच-पावणेतीन हजारांच्या वर रोपं बसत नाहीत. नर्सरीत चार हजारांची ऑर्डर दिली असेल तर दाटी तुम्ही त्याच दिवशी विकत घेतली.

चौथी तपासणी: बगलफूट कधी आणि कशी काढली जाते

पानाच्या आणि खोडाच्या बेचक्यातून निघते ती बगलफूट. घोस कधी बेचक्यातून निघत नाही, तो सरळ खोडातून निघतो. कामाला नव्यानं येणाऱ्या मावशींना मी हाच फरक झाडापाशी उभं राहून बोटानं दाखवतो, कारण घाईत घोस खुडला गेला की तो माल गेलाच. घोसाच्या लगेच खालच्या बेचक्यातली फूट सगळ्यात जोरकस असते. ती राहून गेली तर आठ-दहा दिवसांत मूळ शेंड्याशी बरोबरी करते आणि मग खरा शेंडा कोणता तेच कळत नाही.

फूट दोन-तीन इंचांची असतानाच काढायची. अंगठा आणि पहिलं बोट यांत धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवली की सांध्यातून टचकन तुटते. जखम मुगाच्या दाण्याएवढी राहते आणि दुपारपर्यंत सुकते. काम सकाळी, दव उतरल्यावर करायचं. ढगाळ किंवा पावसाच्या दिवशी करायचंच नाही, कारण ओली जखम म्हणजे बुरशीला आणि जिवाणूला उघडं दार. बोटं हिरवी-काळी होतात. साबण लावला की फेस पिवळट निघतो. तो झाडाच्या केसांमधला रस आहे, औषधाचा अंश नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत पाच-सहा दिवसांनी एक फेरी लागते, डिसेंबर-जानेवारीत आठवड्यानं चालतं. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी याच दिवसांत येते, मजूर मिळत नाही आणि शेडमधली फेरी चुकते. दोन फेऱ्या चुकल्या की फुटी हातभर होतात. अशा वेळी एकाच दिवशी सगळं साफ करण्याचा मोह होतो, आणि नेमकं तेच करायचं नाही. एवढ्या जखमा एकदम झाल्या की झाडाला धक्का बसतो, आणि सावलीत वाढलेली फळं उघडी पडून उन्हानं पांढरी होतात. हातभर फूट बुडातून न काढता तिचा फक्त शेंडा खुडा, खाली एक-दोन पानं ठेवा. फूट तिथेच थांबते आणि फळावर सावली राहते. मग दर फेरीला थोड्या थोड्या बुडातून काढत जा.

हात आणि कात्री यांच्याबद्दल. टोमॅटोवर मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गर्द चट्टे आणणारा विषाणू हातानं, कात्रीनं, कपड्यानं पसरतो आणि तंबाखूतूनही येऊ शकतो. आपल्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण) खाऊन काम करणं सर्रास चालतं, आणि खर्रा घोटलेले हात थेट झाडाच्या ताज्या जखमेला लागतात. म्हणून दाराशी पाण्याची बादली आणि साबण ठेवा. आत जाण्याआधी सगळ्यांनी हात धुवायचे, मालकानंसुद्धा. खर्रा बाहेरच. कात्री वापरत असाल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दर ओळीनंतर बुडवा.

पाचवी तपासणी: खालची पानं

पिकायला लागलेल्या घोसाच्या खालची पानं काढायची. त्यानं बुडाशी वारा खेळतो आणि नागअळी, पांढरी माशी यांची खालच्या पानांवर वाढणारी पिल्लावळ बाहेर जाते. टोमॅटोची ही नागअळी, टुटा, महाराष्ट्रात २०१४ साली पुण्याकडे पहिल्यांदा सापडली. आता तिच्यासाठी सापळे लावावेच लागतात. काढलेली पानं पायवाटेवर टाकली तर किडे उठून परत वर जातात. पोत्यात भरून बाहेर न्या आणि शेडपासून लांब खड्ड्यात पुरा.

एका वेळी एका झाडाची दोन-तीनच पानं. झाडावर पंधराच्या आसपास पूर्ण पानं कायम राहिली पाहिजेत. फळात जो गर भरतो तो पानांनीच बनवलेला असतो. देठाचं ठूठ न ठेवता खोडालगत मोडा, कारण ठुठावर राखाडी बुरशी धरते आणि तिथून खोडात उतरते.

परदेशी व्हिडिओंत झाड कमरेपर्यंत मोकळं केलेलं दिसतं. त्यांच्याकडचं ऊन आणि अकोला-चंद्रपूरचं ऊन यांची तुलना नाही. फेब्रुवारी संपला की मी पानं काढणं जवळपास बंदच करायला सांगतो, आणि पश्चिमेकडच्या ओळींची तर नोव्हेंबरातही जपूनच काढतो.

सहावी तपासणी: फूल झटकून बघा

मोबाइलच्या काळ्या स्क्रीनवर सकाळी दहा-अकराच्या सुमारास एक पूर्ण उमललेलं फूल धरा आणि देठाला टिचकी मारा. पिवळी बारीक भुकटी पडली तर पराग मोकळा आहे, फक्त हलवणारा कोणी नाही. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, पण त्याला हादरा लागतो. मोकळ्या शेतात तो वारा देतो. बंद शेडमध्ये आणि त्यातही दाटीत वारा कुठून येणार? दिवसाआड दहा ते बाराच्या दरम्यान वरच्या तारेवर काठीनं हलके ठोके द्या. पैसा लागत नाही आणि आठ-दहा दिवसांत फरक दिसतो.

भुकटी पडलीच नाही, तर हवा फार दमट आहे किंवा तापमान बिघडलं आहे. कमाल-किमान दोन्ही दाखवणारा तापमापक आणून झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगा. दिवसा ३५ अंशांच्या वर किंवा रात्री १२-१३ अंशांच्या खाली पारा सलग राहिला की फळधारणा मोडते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडीची लाट आली की किमान तापमान दहाच्या खालीही जातं. त्या दिवसांत उमललेल्या फुलांची फळं वेडीवाकडी निघतात. छाटणीचा त्यात दोष नाही. मार्चअखेरनंतर तर बाहेरच चाळीस होतं आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातं. तेव्हा फुलगळीसाठी बाटलीवर एक रुपयाही घालू नका. त्या उन्हात फूल टिकत नाही.

सातवी तपासणी: खोडाची जाडी, खत, पाणी

शेंड्यापासून वीतभर खाली खोड बघा. साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोडं जाड, हे बरोबर. अंगठ्याएवढं जाड असेल, वरची पानं आत वळली असतील आणि घोसाच्या टोकालाच पान फुटलं असेल, तर झाड माजलं आहे. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं ड्रीपचं खत) आणि युरिया थांबवा आणि पालाश वाढवा. कॅल्शियम नायट्रेट पूर्ण बंद करू नका, पण त्यातही नत्र आहे हे हिशेबात धरा. पेन्सिलीहून बारीक असेल तर झाड उपाशी आहे किंवा दाटीत गुदमरलं आहे. त्याची शहानिशा तिसऱ्या तपासणीत झालेली असेल.

माजलेल्या झाडाला बगलफुटीही जास्त येतात, म्हणून खत न सुधारता नुसती छाटणी केली तर फेऱ्या संपतच नाहीत.

पाण्यासाठी लॅटरलच्या, म्हणजे बेडवरच्या ड्रीपच्या नळीच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकेक वाटी पंधरा मिनिटं ठेवा. शेवटची वाटी पाव हिश्श्याहून जास्त कमी भरत असेल तर लॅटरलचं टोक उघडून साफ करा. काळ्या भारी जमिनीत सहा इंच खोलीवरची माती मुठीत दाबा. बोटांना चिखल लागला तर आज पाणी नाही. काळी माती वरून भेगाळलेली दिसते आणि आत ओली असते. वरून बघून पाणी सोडलं की मुळं गुदमरतात, मग फळ तडकतं आणि बुडाशी काळं पडतं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या ज्या भागात जमिनीतलं पाणी खारं आहे तिथे, विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय खताचा कुठलाही डोस ठरवू नका.

आठवं: उभ्या पिकात दाटी कमी करणं

हे सगळ्यात जड काम. जिवावर येतं, कारण लावलेलं झाड कापायचं असतं.

एक फुटावर एकेरी खोड असेल तर दर तिसरं झाड काढायचं. दहा फुटांतले वीसचे तेरा-चौदा होतात. उपटू नका, शेजारच्या झाडाची मुळं हलतात. जमिनीलगत कापा. त्यावर फळं धरलेली असतील तर आधी फक्त शेंडा खुडा, शेवटच्या घोसावर दोन पानं ठेवून. असलेला माल तोडून घ्या आणि मग कापा. दोन फांद्यांच्या झाडात कमजोर फांदीचं हेच करा. काम दोन-तीन आठवड्यांत विभागा, म्हणजे एकदम ऊन पडत नाही. मोकळ्या झालेल्या जागी शेजारच्या झाडांच्या सुतळ्या तारेवर थोड्या सरकवा. एक डाव्या तारेकडे, पुढची उजव्या तारेकडे.

फरक लगेच दिसत नाही. फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे आज केलेली विरळणी नव्या घोसांवर दिसेल, जुन्या बारीक फळांवर नाही. पीक संपायला दोनच महिने उरले असतील तर विरळणीच्या फंदात पडू नका. सगळ्याच झाडांचे शेंडे खुडा आणि लागलेलं फळ मोठं करून घ्या. अंतर पुढच्या लागवडीत सुधारा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

*हिरवं झाड अचानक सुकणं.* खोडाचा बुडाजवळचा चार बोटं तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. त्या क्षणी संपूर्ण शेडमधली छाटणी बंद. कात्री, हात, पाणी, चपला या सगळ्यांतून तो पसरतो. त्याला फवारणीचा इलाज नाही. पुढे त्या मातीत वांगी आणि मिरचीही धोक्याची. हे एकट्यानं निस्तरण्यासारखं नाही.

*मुळांवर गाठी.* झाड खुरटं असेल तर एक उपटून मुळं धुवून बघा. मण्यांसारख्या गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि उपाय त्यांच्याकडूनच घ्या.

*मोझॅकचे चट्टे किंवा आखडलेला शेंडा.* दोन्ही विषाणूंचे रोग. लागलेलं झाड बरं होत नाही. लागवडीच्या पहिल्या महिन्यात दिसलं तर पिशवी घालून उपटा आणि बाहेर न्या. पाच-सात झाडांच्या पुढे गेलं असेल तर तज्ज्ञाला शेड दाखवा.

*तार झोळ खाणं, पाइप वाकणं.* मालानं लगडलेल्या झाडांचा भार फार मोठा असतो, आणि काही शेड पिकाचा भार धरून बांधलेलेच नसतात. क्लॅम्प गंजलेला किंवा खांब कललेला दिसला तर सुतळ्या त्या पाइपवरून सोडवा आणि शेड बांधणाऱ्याला बोलवा. प्लॅस्टिक धुवायला किंवा शिवायला स्वतः वर चढू नका.

*फवारणीनंतर चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी.* बाहेर या, कपडे बदला, अंग धुवा, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपल्या शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले, तेही मोकळ्या शेतात. बंद शेडमध्ये वाफ कोंडून राहते. दोन-तीन औषधं अंदाजानं एकत्र करून आत मारणं कधीच नको.

सल्ल्यासाठी जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. फोनवर विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, तिथे मराठीत बोलता येतं. जाताना नुसतं एक पान नेऊ नका. मुळासकट एक आजारी झाड आणि एक बरं झाड, वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, सकाळीच न्या. सोबत दहा फुटांत मोजलेल्या शेंड्यांचा आकडा, मागच्या महिन्यात सोडलेल्या खतांची आणि फवारण्यांची यादी, तापमापकाचे कमाल-किमान आकडे आणि बियाण्याचं पाकीट असू द्या. मर रोगाचा संशय असेल तर झाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या आणि परत आल्यावर त्या चपला घालून शेडमध्ये जाऊ नका.